ओकलंडची न्याहारी, डेट्रॉइटची जमीन

'ब्लॅक पँथर' हे शब्द उच्चारले की आपल्याकडील कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर काळी टोपी, कातडी जाकीट आणि हातातली बंदूक उभी राहते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, १९७३ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते उघडपणे सांगितले गेले. तेव्हापासून हे चित्र आपल्या चळवळीच्या भिंतीवर टांगलेले आहे. चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. त्या चित्रात एक मोठे पातेले होते, चर्चच्या तळघरातली लांब टेबले होती, सकाळी शाळेत जाण्यापूर्वी अंडी आणि पाव खाणारी काळी पोरे होती. बंदूक समुद्र ओलांडून आपल्याकडे आली, पातेले मात्र तिकडेच राहिले. असे का झाले हा प्रश्न पुढे कधी तरी आपल्याला सोडवावाच लागेल. आज मला त्या पातेल्याचा इतिहास सांगायचा आहे, कारण अमेरिकेतल्या शहरांत आज जी 'अन्नचळवळ' म्हणून ओळखली जाते, तिचे प्रस्थापित इतिहासकार हे पातेले सोयीस्करपणे विसरतात.

हा विसर कसा पडतो ते पाहण्यासारखे आहे. ओकलंड आणि बर्कले ही कॅलिफोर्नियातील दोन शहरे एकमेकांना खेटून आहेत. बर्कलेमध्ये १९७१ साली अॅलिस वॉटर्स या बाईंनी 'शे पानीस' नावाचे उपाहारगृह काढले. ताजी भाजी, जवळच्या शेतकऱ्याकडून घेतलेला माल, ऋतूप्रमाणे जेवण. अमेरिकेच्या चांगल्या अन्नाच्या चळवळीचा आरंभ म्हणून याच घटनेकडे बोट दाखवले जाते. त्याच्या दोन वर्षे आधी, तेथून थोड्याच मैलांवर, ओकलंडच्या काळ्या वस्तीत रोज सकाळी मुले जेवत होती. त्यातही शिजवण्यापूर्वी आहारतज्ज्ञांचा सल्ला घेतला गेला होता, त्यातही दूध, फळांचा रस, अंडी यांचा विचार होता. पण एकाला अन्नचळवळ म्हणायचे आणि दुसऱ्याला दंगलखोरांचा उद्योग, ही वाटणी कोणी केली? ब्राह्मणाच्या घरचे सोवळे म्हणजे संस्कृती आणि महाराच्या घरची चानी म्हणजे घाण, ही वाटणी ज्यांनी सोसली त्यांना या प्रश्नाचे उत्तर वेगळे सांगायला नको.

ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्युई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ओकलंडमध्ये केली. आरंभीचे त्यांचे काम पोलिसांच्या मागे मागे फिरून त्यांच्या जुलमावर पहारा ठेवण्याचे होते. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू झाली. धर्मगुरू अर्ल नील यांनी जागा दिली, त्याच चर्चच्या सभासद आणि नृत्यशिक्षिका रूथ बेकफर्ड यांनी आखणीत पुढाकार घेतला. पहिल्या दिवशी जेमतेम दहाबारा मुले आली, आठवडा संपेपर्यंत शंभरावर गेली. वर्ष संपायच्या आत देशभर अनेक शहरांत अशी केंद्रे उभी राहिली, आणि आपण वीस हजार मुलांना जेवू घातले असे पक्ष सांगू लागला. प्रचारातला आकडा म्हणून त्यातून काही वजा केले तरी उरते ते थोडे नाही.

पैसा कोठून आला? वस्तीतल्या दुकानदारांकडून. ज्या दुकानाचा गल्ला काळ्या माणसांच्या खरेदीवर भरतो, त्याने काळ्या पोरांच्या न्याहारीला हात लावलाच पाहिजे, असा साधा हिशेब होता. जो देईल त्याचे आभार, जो नाकारेल त्याचे नाव पक्षाच्या वृत्तपत्रात आणि वेळ पडल्यास दुकानावर बहिष्कार. भीक आणि वर्गणी यांतला फरक या तरुणांना नीट कळला होता. मार्च १९७२ मध्ये ओकलंडला झालेल्या त्यांच्या परिषदेत किराण्याच्या दहा हजार पिशव्या वाटण्याचे जाहीर झाले, आणि प्रत्येक पिशवीत कोंबडी असणार हेही सांगितले गेले. कोंबडीचा उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. गरिबाला द्यायचे ते उरलेसुरले, या कल्पनेला दिलेला तो तडाखा होता.

आणि रांधले कोणी? पक्षाचा नियम असा की पुरुष सभासदानेही चुलीपुढे उभे राहावे. अनेक जण राहिलेही. पण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीस पक्षात बहुसंख्य स्त्रियाच होत्या, आणि पहाटे उठून पातेली चढवणाऱ्यांतही त्याच जास्त. वृत्तपत्रांत मात्र छायाचित्रे बंदूकवाल्यांची छापून आली. आपल्या परिषदांच्या मांडवामागे भाकऱ्या थापणाऱ्या आयाबायांची नावे कोणत्या स्मरणिकेत छापली गेली, हे वाचकांनी आपापल्या गावी तपासून पाहावे.

सरकारने या न्याहारीचे महत्त्व बुद्धिवाद्यांच्या आधी ओळखले. एफ.बी.आय.चा प्रमुख एडगर हूव्हर याने १९६९ च्या मे महिन्यात आपल्या कचेऱ्यांना कळवले की, न्याहारीचा कार्यक्रम हे पँथरांचे सर्वांत प्रभावी काम आहे आणि म्हणूनच त्यांना नेस्तनाबूत करण्याच्या सरकारी प्रयत्नांना त्याचाच सर्वांत मोठा धोका आहे. हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे. बंदूकवाला तरुण सरकारला परवडतो, कारण त्याला गोळी घालता येते आणि गोळी घातल्यावर शेजारी गप्प बसतात. परंतु ज्याने आपल्या पोराच्या हातात दुधाचा पेला दिला, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला कोणती आई येईल? म्हणून मग वेगळे उपाय योजले गेले. गोऱ्या पोलिसांची कत्तल दाखवणारे मुलांचे एक रंगकामाचे पुस्तक पक्षाने नाकारले होते. तेच पुस्तक एफ.बी.आय.ने देणगीदार व्यापाऱ्यांकडे गुपचूप धाडले. सॅन डिएगोत न्याहारीला जागा देणाऱ्या धर्मगुरूविरुद्ध त्याच्या बिशपकडे निनावी गाऱ्हाणी केली आणि त्याची दूरच्या राज्यात बदली घडवून आणली. हे सारे सत्तरच्या दशकात अमेरिकी सेनेटच्या चौकशीत कागदोपत्री बाहेर आले, त्यामुळे ते कोणा कार्यकर्त्याचे आरोप म्हणून झटकता येत नाही.

शिकागोच्या फ्रेड हॅम्प्टनची हकीकत तर विसरता येण्यासारखी नाही. आइस्क्रीमच्या गाडीतून ७१ डॉलरचा माल पळवून तो मुलांना वाटल्याच्या आरोपावरून या तरुणाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. तो शिकागोतली न्याहारी चालवणाऱ्यांचा पुढारी होता. ४ डिसेंबर १९६९ रोजी पहाटे पोलिसांनी त्याच्या राहत्या घरात घुसून त्याला अंथरुणातच ठार केले. वय २१. त्याच गोळीबारात मार्क क्लार्क मेला. पिओरिया या गावात न्याहारी सुरू करणारा तोच. ज्या दोघांना त्या पहाटे मारले, ते दोघेही पोरांना जेवू घालणारे होते. हा केवळ योगायोग म्हणायचा असेल तर खुशाल म्हणावा.

पुढे १९७५ साली अमेरिकेच्या संसदेने शाळेतल्या न्याहारीची सरकारी योजना कायमची केली. ती पँथरांमुळेच झाली असे म्हणणारे आपल्याला भेटतात. मला हे भाबडेपणाचे वाटते. त्या योजनेचे प्रायोगिक रूप १९६६ च्या कायद्यातच होते. १९६७ मध्ये रॉबर्ट केनेडी मिसिसिपीच्या झोपड्यांत जाऊन आले, १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर अमेरिकेतील भूक दाखवली गेली. या साऱ्याचा दाब होता. पण वस्तीवस्तीत काळी पोरे सरकारशिवाय जेवताना दिसत असताना सरकारला स्वस्थ बसणे कठीण झाले, एवढे निश्चितच म्हणता येईल. मात्र सरकारी ताटात एक गोष्ट आली नाही. पँथरांच्या टेबलावर मुलांना जेवताना काळ्यांचा इतिहास सांगितला जाई. सरकारने अन्न घेतले, इतिहास टेबलावरून उचलून ठेवला.

पँथरांना ही बुद्धी अचानक झाली नाही. या शहरी पोरांचे आईबाप दक्षिणेतून आलेले होते. १९१६ ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसे दक्षिणेतले कापसाचे मळे सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेली. भूक हे हत्यार म्हणून कसे वापरतात, हे त्यांनी गावाकडे पाहिले होते. मिसिसिपी राज्यातील लेफ्लोर काउंटीचे उदाहरण घ्या. तेथील काळे बटईदार हिवाळ्यात, म्हणजे कापसाचा हंगाम संपला की, सरकारी गोदामातून वाटल्या जाणाऱ्या शिलकी पिठातांदळावर आणि दुधाच्या भुकटीवर दिवस काढीत. १९६२ साली 'स्निक' या विद्यार्थी संघटनेचे सॅम ब्लॉक, बॉब मोझेस हे कार्यकर्ते ग्रीनवुड गावी येऊन काळ्यांची नावे मतदारयादीत घालू लागले. काउंटीच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी त्या हिवाळ्याच्या तोंडावर धान्यवाटपच बंद केले. वीस हजारांहून अधिक माणसांचे अन्न तोडले गेले. कारण काय सांगितले, तर खर्च परवडत नाही!

उत्तरेकडच्या शहरांतून मग ट्रकने धान्य येऊ लागले. फेब्रुवारी १९६३ मध्ये डिक ग्रेगरी हा विनोदी नट विमानाने सुमारे १४ हजार पौंड अन्न घेऊन आला. आणि अन्न तोडणाऱ्यांनी कल्पनाही केली नव्हती अशी गोष्ट घडली. धान्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांना मत आणि भाकर यांचा संबंध भाषण न ऐकताच कळला. धान्याच्या रांगेतून उठून माणसे शेकड्यांनी कचेरीसमोर नाव नोंदवायला उभी राहिली.

आपल्या वाचकाला येथे बावडा आठवल्याशिवाय राहणार नाही. पुणे जिल्ह्यातील या गावी १९७२ साली संपूर्ण दलित वस्तीवर बहिष्कार टाकला गेला, आणि दलित पँथरच्या जन्माला जी प्रकरणे कारणीभूत झाली त्यांत हे एक होते. त्याच्याही मागे जायचे तर १९३० चा स्टार्ट समितीचा अहवाल आहे. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की वाणी मीठमिरची विकायचे थांबवतो, जमीन कसायला मिळत नाही, वाट अडवली जाते, हे त्या अहवालात नोंदलेले आहे. बहिष्कार हा गुन्हा ठरवा, अशी मागणी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे केली. त्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या कायद्याचा आधारही दाखवला. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करायला २०१६ साल उजाडावे लागले. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. ते साम्य केवळ अपमानाचे नव्हते. वाण्याच्या दुकानापर्यंत जाऊन पोहोचणारे ते साम्य होते.

ग्रीनवुडपासून जवळच्याच सनफ्लॉवर काउंटीत फॅनी लू हेमर राहत. बटईदाराच्या वीस मुलांतले हे शेवटचे मूल. १९६२ मध्ये मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या म्हणून मळेवाल्याने त्यांना त्याच दिवशी घराबाहेर काढले. १९६९ मध्ये, म्हणजे ओकलंडची न्याहारी सुरू झाली त्याच वर्षी, या बाईंनी 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती उभी केली. आरंभी ४० एकर, मग शेकडो. तेथे डुकरांची एक 'बँक' होती. कुटुंबाने गाभण डुकरीण न्यायची, पिले झाली की त्यांतली दोन बँकेला परत करायची, बाकीची आपली. नैसर्गिक आपत्ती, कर्ज आणि हेमरबाईंचे ढासळते आरोग्य यांमुळे ही शेती सत्तरच्या दशकाच्या मध्यास बुडाली. पण तिच्यामागचा हिशेब सरळ होता. ज्याच्या घरी खायला आहे त्याला भाकरीची भीती घालून मत द्यायचे थांबवता येत नाही.

आता शहराकडे वळू. शहरात आलेल्या काळ्या माणसाला राहण्याची जागा मोजून दिली गेली. १९३५ पासून सरकारी गृहकर्ज खात्याने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्यांच्या वस्त्या तांबड्या रंगात, म्हणजे येथे कर्ज देणे धोक्याचे. महायुद्धानंतर गोरे उपनगरांत गेले, त्यांच्यामागून मोठी किराणा दुकानेही गेली. मागे उरले ते दारूचे दुकान, पेट्रोल पंप आणि तळलेल्या कोंबडीचे हॉटेल. अशा भागाला तज्ज्ञ मंडळी 'अन्नाचे वाळवंट' म्हणू लागली. ब्रॉन्क्समध्ये बागा पिकवणाऱ्या कॅरन वॉशिंग्टन या काळ्या कार्यकर्तीने हा शब्द साफ नाकारला आणि त्याजागी 'अन्नाचा वर्णभेद' हा शब्द पुढे आणला. वाळवंट निसर्ग घडवतो, त्याला आरोपी नसतो. वर्णभेद माणसे घडवतात. आपल्याकडे 'दुष्काळ' या शब्दाखाली असेच बरेच काही झाकले जाते. १९७२ च्या दुष्काळात रेशनची तांबडी मिलो माझ्या आजीच्या पिढीने खाल्ली, पण गावातल्या सगळ्याच घरांनी ती खाल्ली नाही.

न्यूयॉर्कमध्ये काळ्या आणि पोर्टोरिकन माणसांनी पडक्या इमारतींच्या जागा साफ करून तेथे भाजी पिकवली. जागा स्वच्छ झाली, आसपासची किंमत वाढली, आणि १९९९ मध्ये महापौर ज्युलियानी यांनी अशा ११४ बागा लिलावात काढल्या. श्रीमंत संस्थांनी ऐनवेळी त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. ज्यांनी कचरा उचलला त्यांच्याकडून मात्र वाचल्या नाहीत.

जमिनीचा हा प्रश्न सर्वांत उघडा पडला डेट्रॉइटमध्ये. मोटारींच्या या शहरात १९५० साली साडेअठरा लाख लोक होते. २०१० मध्ये सव्वासात लाखही राहिले नाहीत, आणि त्यांतले दहांतले आठ काळे. शेवटची मोठी किराणा साखळी २००७ मध्ये शहर सोडून गेली. रिकाम्या जागांवर बागा करायला उत्साही तरुण आले, बहुतेक गोरे. काळ्यांच्या शहरात काळ्यांच्या अन्नाचा विचार गोऱ्यांनी करायचा, देणगी गोऱ्यांनी आणायची, काळ्यांनी खुरपे धरायचे! मलिक याकिनी हे तेथील एका शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी आणि सोबत्यांनी २००६ मध्ये काळ्या समाजाच्या अन्नसुरक्षेसाठी स्वतंत्र संघटना काढली. गोऱ्यांचा द्वेष म्हणून त्यांनी ती काढली नाही. नेतृत्व कोणाकडे हा प्रश्न दातृत्वाने सुटत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद आपल्याला ओळखीचा आहे. १९३२ नंतर हरिजन सेवक संघाच्या कारभारावरून बाबासाहेबांनी जो मतभेद मांडला तो याच जातीचा होता.

त्यांच्या शेताला दोनदा बस्तान हलवावे लागले. २००८ मध्ये रूज पार्क या सार्वजनिक उद्यानात महापालिकेकडून भाडेपट्ट्याने दोन एकर मिळाले, पुढे सात झाले. याउलट जॉन हँट्झ या धनिकाने शहरात मोठी शेती करण्याचा मनसुबा जाहीर केला, आणि डिसेंबर २०१२ मध्ये नगर परिषदेने पाच विरुद्ध चार मतांनी सुमारे दीड हजार भूखंड, म्हणजे सुमारे १४० एकर जमीन, भूखंडामागे सुमारे ३०० डॉलर या दराने त्याला दिली. अट झाडे लावण्याची. शेजारची काळी माणसे सभेत येऊन विरोध करून गेली. आमच्या घराशेजारचा तुकडा आम्ही मागतो तेव्हा कागदपत्रे संपत नाहीत, असे त्यांचे गाऱ्हाणे होते.

याकिनींच्या संघटनेपुढे एक अडचण मात्र गोऱ्यांनी आणलेली नव्हती, किंवा निदान आता ती गोऱ्यांच्या हातात नव्हती. काळी तरुण पोरे शेतात यायला लाजत. माती म्हणजे गुलामी, कापूस, चाबूक. आजोबांनी ज्यातून सुटका करून घेतली त्यात नातवाने परत का जावे? या प्रश्नाला हसून चालणार नाही. खेडे सोडा, शहरात या, शिका, हे आम्हाला सांगितले गेले आणि ते खरेच होते. माझ्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि मी विळा हाती धरावा असे माझ्या वडिलांना स्वप्नातही वाटले नसते. पण आपल्याच चळवळीत दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसे तुरुंगात गेली, तीही जमिनीसाठीच. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणे आणि आपल्या जमिनीवर राबणे यांत अंतर आहे. ते अंतर डेट्रॉइटच्या या मास्तरांना पोरांना समजावून सांगावे लागले, आणि सगळ्यांना ते पटले असे नाही.

शेत सात एकरांचे. त्यावर सहा लाखांहून अधिक वस्तीचे शहर जगत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी दुकानाकडे मोर्चा वळवला. चौदापंधरा वर्षे सभासद गोळा करीत, कर्ज आणि अनुदाने जमवीत शेवटी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर नवी इमारत उभी राहिली. १ मे २०२४ रोजी तेथे डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप हे सहकारी किराणा दुकान उघडले. उघडले तेव्हा त्याचे सभासद-मालक दोन हजारांहून अधिक होते. सभासद होण्यासाठी जातीची वा रंगाची अट नाही, भाग दोनशे डॉलरचा, आणि मत मात्र प्रत्येकाला एकच.